मेंढ्यांचे जंत व निकामी होत चाललेलीं औषधें

शेळ्यामेंढ्या पाळणाऱ्या आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांचा असा समज आहे कीं, जंतांची भीति आतां फारशी उरलेली नाहीं. दुकानांतून औषधाची बाटली आणावी, पावसाळ्यापूर्वीं एकदां व पावसाळा संपल्यावर एकदां साऱ्या कळपास सरसकट पाजावी, आणि मध्यें कोठें मेंढरें खंगूं लागलीं तर आणखी एकदां पाजावी, म्हणजे आपलें कर्तव्य संपलें असें ते मानतात. हा समज कांहीं काळ खराही होता. ज्यांनीं पहिल्यानें हीं औषधें वापरलीं, त्यांस मरणाच्या दारीं गेलेलीं मेंढरें थोड्याच दिवसांत पुन्हां चरूं लागलेलीं पाहावयास मिळालीं, व त्यामुळें बाटलीवरील विश्वास दृढ झाला. परंतु पूर्वींसारखा गुण येत नाहीं अशी तक्रार आतां वारंवार ऐकूं येते. कोणी औषध बनावट असल्याचें सांगतो, कोणी मात्रा कमी पडली म्हणतो, तर कोणी हवापाण्यास दोष देतो. ह्यांपैकीं एखादें कारण प्रसंगीं खरेंही असतें. पण ह्या सर्वांहून निराळें व अधिक गंभीर असें एक कारण आहे. तें म्हणजे त्या औषधास दाद न देणाऱ्या जंतांचीच पैदास कळपांत झालेली असते, हें होय. ह्या कारणाचा विचार आपल्याकडे व्हावा तितका होत नाहीं, म्हणून तो आम्ही प्रस्तुत लेखांत करणार आहों.

हा जंत कोणता?

शेळ्यामेंढ्यांच्या पोटांत अनेक जातींचे गोल जंत राहतात; परंतु उष्ण व दमट हवेंत ज्याच्यापासून सर्वांत अधिक हानि होते तो रक्त शोषणारा जंत होय. शास्त्रीय भाषेंत त्यास हिमॉन्कस कंटॉर्टस असें म्हणतात. त्याचें ठाणें जनावराच्या चौथ्या पोटांत असतें. मेलेल्या मेंढीचें तें पोट चिरून पाहिलें असतां सुमारें इंचभर लांबीचे, दोऱ्यासारखे जंत आंत दिसतात. मादीच्या अंगांत रक्तानें भरलेलें तांबडें आंतडें व पांढऱ्या अंडनलिका हीं एकमेकांभोंवतीं पिळलेलीं असतात. त्यामुळें तांबड्यापांढऱ्या सुतांस पीळ घातल्याप्रमाणें ती दिसते, व ह्या खुणेवरून ती साध्या डोळ्यांनींही ओळखतां येते.

एका जंतापायीं दिवसाकाठीं सुमारें ०.०५ मिलिलिटर रक्त जातें. हा आंकडा क्षुल्लक वाटेल. पण पोटांत पांच हजार जंत असले म्हणजे रोज २५० मिलिलिटर, म्हणजे पाव लिटर रक्त जाऊं लागतें. तीस किलो वजनाच्या मेंढीच्या अंगांत एकंदर रक्तच मुळीं दोन लिटरांच्या आसपास असतें, हें लक्षांत घेतलें म्हणजे ह्या हानीची कल्पना येईल. असें मेंढरूं पांढरें फटफटीत पडतें, त्याच्या जबड्याखालीं पाणी उतरून मऊ सूज येते, तें कळपाच्या मागें रेंगाळूं लागतें, आणि पुष्कळदां हगवण न लागतांच एकाएकीं मरतें. हगवण नाहीं म्हणजे जंत नाहींत, असें समजणारे येथेंच फसतात.

ह्या जंताची मादी रोज पांच ते दहा हजार अंडीं घालते. तीं लेंड्यांबरोबर बाहेर पडतात. ऊब व ओल मिळाली कीं अंड्यांतून निघालेली अळी चारपासून सात दिवसांत पुरती वाढून गवताच्या ओल्या पात्यावर चढते. गवताबरोबर ती मेंढीच्या पोटांत गेली म्हणजे सुमारें तीन आठवड्यांत तिची मादी होऊन ती स्वतः अंडीं घालूं लागते. कडक ऊन व कोरडी जमीन अळीला सोसत नाहीं. म्हणून आपल्या देशावर मृगापासून हस्तापर्यंतचा काळ हा ह्या जंताच्या सुगीचा, व होळीपासून पहिल्या पावसापर्यंतचा काळ त्याच्या दुष्काळाचा समजावा. दुष्काळाच्या दिवसांत रानांत अळ्या जवळजवळ उरत नाहींत. वंश टिकतो तो मेंढरांच्या पोटांतील जंतांवरच. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी, कारण पुढील सर्व विवेचन हिच्यावर अवलंबून आहे.

औषधांची परंपरा

जुन्या काळीं जंतांवर मोरचूद, तंबाखूचा अर्क अशीं जहाल द्रव्यें पाजीत असत. मात्रा थोडी चुकली तरी जंतांबरोबर मेंढरूंही जाई. १९३८ सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यांतील संशोधकांस फिनोथायझिन ह्या रसायनाचा जंतनाशक गुण आढळून आला, आणि पुढील दशकांत तें देशोदेशीं पसरलें. १९५७ सालीं अमेरिकेंतील केंटकी संस्थानांत त्याला दाद न देणारे जंत आढळले. १९६१ सालीं थायाबेंडाझोल आलें. हें अधिक गुणकारी व अधिक निर्धोक होतें. परंतु १९६४ सालींच त्यासही न जुमानणाऱ्या जंतांची वार्ता प्रसिद्ध झाली. त्यानंतर लेव्हामिसोलचा वर्ग आला, व त्याचीही तीच गत झाली.

पुढें जपानांत सातोशी ओमुरा ह्यांनीं मातींतून वेगळ्या काढलेल्या सूक्ष्म जंतूपासून, आणि अमेरिकेंत विल्यम कॅम्बेल ह्यांच्या प्रयोगांतून, आयव्हरमेक्टिन हें औषध निघालें. १९८१ सालीं तें जनावरांकरितां बाजारांत आलें. मनुष्याच्या रोगांवरही त्याचा इतका उपयोग झाला कीं, ह्या दोघां शास्त्रज्ञांस २०१५ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. परंतु मेंढीच्या जंतांनीं ह्या औषधाचीही गय केली नाहीं. १९८७-८८ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेंतून तें निष्फळ ठरल्याची बातमी आली. २००९ सालीं न्यूझीलंडांत मोनेपँटेल हें अगदीं नव्या वर्गाचें औषध विक्रीस आलें. २०१३ सालीं त्याच देशांत त्याचा अंमल न चालणारे जंत आढळल्याचें प्रसिद्ध झालें. सारांश, फिनोथायझिनास गुण हरवावयास सुमारें एकोणीस वर्षें लागलीं, थायाबेंडाझोलास तीन, आयव्हरमेक्टिनास सहासात व मोनेपँटेलास चार. नवीन वर्गाचें औषध शोधून काढावयास अपार द्रव्य व वर्षानुवर्षांचे श्रम लागतात. तें गमावण्यास मात्र चारदोन वर्षें पुरतात. २००७ सालीं ब्रिटनमधील पशुवैद्यकाच्या एका नियतकालिकांत, कोणतेंच औषध चालेना म्हणून एक सबंध कळप मारून टाकावा लागल्याची हकीकत छापून आली आहे.

हें सर्व परदेशांतील आहे असें म्हणून कोणीं निश्चिंत राहूं नये. हिंदुस्थानांत फिनोथायझिन व थायाबेंडाझोल ह्यांस न जुमानणाऱ्या जंतांची नोंद १९७६ सालींच झाली, व तेव्हांपासून अल्बेंडाझोल-फेनबेंडाझोलच्या वर्गाविषयीं तशाच नोंदी अनेक प्रांतांतून झाल्या आहेत. त्यांत एक गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. हा बिघाड फिरत्या मेंढपाळांच्या कळपांपेक्षां मोठ्या व्यवस्थित फार्मांवर अधिक आढळतो. कारण उघड आहे. जेथें औषध वेळच्या वेळीं, पुष्कळदां, आणि एकाही जनावरास न वगळतां पाजलें जातें, तेथेंच तें लौकर निकामी होतें. ह्याचा दुसरा अर्थ असा कीं, आमच्या गरीब मेंढपाळांजवळ औषधांचा गुण अद्याप बराच शिल्लक असण्याचा संभव आहे. ही शिल्लक राखणें हाच आजचा खरा प्रश्न होय.

जंत औषधास दाद कां देत नाहीं?

जंत औषध पचवावयास शिकतो, असें बोलण्यांत म्हटलें जातें. पण तें बरोबर नाहीं. शेतांतील इतर तण दरसाल खुरपून काढलें आणि लव्हाळ्याची गांठ तेवढी जमिनींत राहिली, तर चारपांच वर्षांत तें शेत लव्हाळ्याचेंच होऊन जातें. लव्हाळा कांहीं नवीन शिकला नाहीं; आपण त्याला जागा मोकळी करून दिली. जंतांचेंही तसेंच आहे. लक्षावधि जंतांमध्यें एखाददुसऱ्याची जन्मतः घडणच अशी असते कीं, औषध त्याच्या अंगीं लागत नाहीं. अल्बेंडाझोलच्या वर्गाचीं औषधें जंताच्या पेशींतील ट्युब्युलिन नांवाच्या द्रव्यास जाऊन चिकटतात व त्याचें काम बंद पाडतात. ह्या द्रव्याच्या सांखळींतील दोनशेव्या ठिकाणीं एकच दुवा बदललेला असला कीं औषधास तेथें पकड मिळत नाहीं, असें १९९४ सालच्या संशोधनानें दाखवून दिलें. सर्व कळपास औषध पाजलें म्हणजे साधे जंत मरतात, हे बदललेले जंत तेवढे उरतात, व पुढची सारी अंडीं त्यांचींच पडतात.

ह्या वर्गाच्या बाबतींत जंतास पुरती ताकद येण्यास तो दुवा बहुतांशीं नर व मादी ह्या दोहोंकडून यावा लागतो. म्हणून चिवट जंताचा संकर साध्या जंताशीं झाला, तर संततीवर औषध पुष्कळसें चालतें. चिवटाचा संकर चिवटाशींच होऊं दिला, तर मात्र उपाय हरला.

औषधाच्या आटोक्याबाहेरील जंत

येथें आम्हांस जें सांगावयाचें आहे तें ऐकून पुष्कळांस नवल वाटेल. कळपांतील सारे जंत मारून टाकण्याचा प्रयत्न करूं नये. कांहीं साधे जंत जाणूनबुजून जिवंत राहूं द्यावे. जे जंत औषध न पाजलेल्या मेंढरांच्या पोटांत आहेत, व ज्या अळ्या रानांत गवतावर आहेत, त्यांना औषधाचा स्पर्श होत नाहीं. शास्त्रज्ञ ह्यांस रेफ्युजिया, म्हणजे आश्रयास राहिलेले, असें म्हणतात. औषधांतून वांचलेले थोडे चिवट जंत ह्या मोठ्या समुदायांत मिसळले म्हणजे त्यांचा वंश पातळ होतो.

आमच्या कपाशी पिकविणाऱ्या वाचकांस ही कल्पना अपरिचित नाहीं. बीटी कपाशीच्या पिशवीबरोबर बिगर-बीटी बियाण्याची एक लहान पुडी मिळत असे, व ती शेताच्या कडेनें पेरावी असें सांगितलेलें असे. त्या कडेवर वाढलेल्या साध्या बोंडअळ्यांनीं चिवट अळ्यांचा वंश पातळ करावा, हाच त्यांतील हेतु होता. पुष्कळांनीं ती पुडी फेंकून दिली. १९१७ नव्हे, तर आतांच २०१७ सालीं गुलाबी बोंडअळीनें महाराष्ट्रांतील कपाशीची काय दशा केली, हें कोणासही सांगावयास नको. मेंढरांच्या बाबतींत ती पुडी म्हणजे औषध न पाजलेलीं धडधाकट मेंढरें होत.

ह्या तत्त्वाची किंमत पश्चिम ऑस्ट्रेलियांतील मेंढपाळांस जड हातानें मोजावी लागली. त्या प्रांतांत पाऊस हिवाळ्यांत पडतो व उन्हाळा कोरडा जातो. उन्हाळ्यांत रानांत अळ्या नसतात, तेव्हां त्या वेळीं साऱ्या कळपास औषध पाजलें कीं जंतांचें मूळच उपटलें जाईल, असा हिशोब करून तशी पद्धत सर्वत्र पाडण्यांत आली. पहिलीं कांहीं वर्षें फळ उत्तम मिळालें. परंतु रानांत आश्रयास कोणीच नसल्यामुळें, पाऊस पडल्यावर कुरणांवर जी पैदास झाली ती औषधांतून वांचलेल्यांचीच झाली. औषधें झपाट्यानें निकामी झालीं. आणि शेवटीं कळपांतील कांहीं मोठीं मेंढरें मुद्दाम वगळावीं, असा सल्ला तेथील तज्ज्ञांस द्यावा लागला.

आपल्याकडील हवामान निराळें असलें तरी हिशोब तोच आहे. आपला कोरडा काळ चैत्र-वैशाखाचा. ऐन मृगाच्या तोंडावर सगळा कळप सरसकट औषध पाजून स्वच्छ माळावर सोडला, तर नव्या हिरवळीवर जीं पहिलीं अंडीं पडतील तीं चिवट जंतांचींच असतील. पावसाळ्यापूर्वीं औषध पाजूंच नये असें आमचें म्हणणें नाहीं. अशक्त मेंढरें, कोंकरें व दुभत्या मेंढ्या ह्यांस तें जरूर द्यावें. परंतु अंगानें भरलेलीं, डोळ्याची पापणी लाल असलेलीं मोठीं मेंढरें दहांतून एक तरी वगळावीं, एवढेंच आमचें आग्रहाचें सांगणें आहे.

पापणीची परीक्षा

कोणास औषध पाजावें व कोणास वगळावें हें ओळखण्याची सोपी रीत दक्षिण आफ्रिकेंतील पशुवैद्यांनीं बसविली. फाफा मलान, गॅरेथ बाथ व यान व्हॅन वाइक ह्या तिघांच्या श्रमांतून ती निघाली, व मलान ह्यांच्या नांवावरून तीस फामाचा असें म्हणतात. जंत रक्त शोषतो, म्हणून रक्त किती उरलें आहे तें पाहावें, हें तिचें बीज होय. मेंढीची खालची पापणी आंगठ्यानें हलकेच खालीं ओढून आंतील रंग एका छापील तक्त्याशीं ताडून पाहावयाचा. तक्त्यांत पांच रंग असतात: पहिला लाल, दुसरा लालसर गुलाबी, तिसरा गुलाबी, चौथा फिकट गुलाबी, व पांचवा पांढरा. पहिल्या दोन रंगांच्या जनावरांस औषध नको. चौथ्या व पांचव्यांस ताबडतोब द्यावें. तिसऱ्या रंगाचीं कोंकरें, गाभण व दुभतीं जनावरें, अगर ज्यांची प्रकृति एरवींही बेताची आहे अशीं, ह्यांस द्यावें.

ही परीक्षा सूर्यप्रकाशांत करावी, सावलींत करूं नये. तक्ता हातांत असावा. आठवणीवर विसंबूं नये, कारण सगळाच कळप फिका पडला असला तर डोळ्यास तोच रंग निरोगी वाटूं लागतो. पावसाळ्यांत दर पंधरवड्यास, व आश्लेषा-मघांच्या सुमारास जोराच्या दिवसांत दर आठवड्यास, ती करावी. प्रथम पशुवैद्याकडून शिकून घ्यावी. पापणी फिकट होण्यास यकृतांतील चपटे जंत, गोचिडी व उपासमार हींही कारणें असूं शकतात. म्हणून औषध पाजूनही रंग सुधारला नाहीं तर पशुवैद्यास दाखवावें. तसेंच जे जंत रक्त न शोषतां हगवण लावतात ते ह्या परीक्षेंत सांपडत नाहींत. त्यांसाठीं शेपटीखालचा भाग मळला आहे काय, पाठीचा कणा हातास लागतो काय, व जबड्याखालीं सूज आहे काय, हेंही त्याच वेळीं पाहून घ्यावें.

एवढा खटाटोप कोण करील, असें कोणी विचारील. त्यास उत्तर असें कीं, सवयीच्या हातास एका मेंढरामागें अर्ध्या मिनिटाहून अधिक वेळ लागत नाहीं; आणि औषधाची बचत होते ती निराळीच. दक्षिण आफ्रिकेंतील एका प्रयोगांत जंतांच्या ऐन जोराच्या सुमारें चार महिन्यांत शेंकडा ७० मेंढ्यांस एकदांही औषध द्यावें लागलें नाहीं, शेंकडा २० मेंढ्यांस एकदांच द्यावें लागलें, व उरलेल्या शेंकडा १० मेंढ्यांसच तें पुन्हां पुन्हां लागलें. जंत साऱ्या कळपांत सारखे वांटलेले नसतात. बहुतेक भार थोड्याच मेंढरांच्या पोटांत असतो. त्या थोड्यांस हुडकून काढलें कीं काम झालें.

औषध चालतें कीं नाहीं, हें कसें पाहावें?

आपल्या कळपांत अमुक औषधाचा गुण शिल्लक आहे कीं नाहीं, हें अनुमानानें ठरवूं नये; लेंड्या तपासून ठरवावें. औषध पाजण्याच्या दिवशीं दहापंधरा मेंढरांच्या ताज्या लेंड्या गुदद्वारांतून काढून निरनिराळ्या पुड्यांत घ्याव्या, व त्याच दिवशीं अगर बर्फांत ठेवून दुसऱ्या दिवशीं पशुवैद्यकीय प्रयोगशाळेंत पोंचवाव्या. त्याच मेंढरांच्या लेंड्या पुन्हां सुमारें चौदा दिवसांनीं घ्याव्या. लेव्हामिसोल पाजलें असल्यास आठवड्याभरांतच घ्याव्या. समजा, पहिल्या वेळीं दर ग्रॅम लेंडीमागें सरासरी १२०० अंडीं निघालीं. दुसऱ्या वेळीं ६० किंवा त्याहून कमी निघालीं, तर औषधानें शेंकडा ९५ किंवा अधिक काम केलें. पण ३०० निघालीं, तर काम शेंकडा ७५ च झालें, व चिवट जंतांनीं मूळ धरलें असा संशय घ्यावा. शेंकडा ९५ ही मर्यादा सामान्यतः मानली जाते. शेंकडा ७५ नीं मेंढरूं दिसावयास सुधारतें. म्हणूनच डोळ्यांनीं पाहणारा फसतो, व दोनतीन वर्षांनीं एकाएकीं औषध मुळींच चालेनासें झालें असें त्यास वाटतें.

औषध पाजतांना घ्यावयाची काळजी

१. औषधाच्या नांवापेक्षां त्याचा वर्ग पाहावा. अल्बेंडाझोल व फेनबेंडाझोल हीं नांवें निराळीं असलीं तरी वर्ग एकच; एकास न जुमानणारा जंत सहसा दुसऱ्यासही जुमानीत नाहीं. लेव्हामिसोलचा वर्ग दुसरा, व आयव्हरमेक्टिनचा तिसरा. बाटलीचें चित्र बदललें म्हणजे औषध बदललें असें नव्हे.

२. वजन अंदाजानें धरूं नये. अंदाज बहुधा कमी पडतो, आणि अपुरी मात्रा ही चिवट जंतांची दाई होय. कळपांतील सारख्या वयाच्या मेंढरांपैकीं सर्वांत जड दिसणारें ताणकाट्यावर तोलून त्याच्या वजनाप्रमाणें त्या गटास मात्रा द्यावी.

३. नळी जिभेच्या मुळापर्यंत नेऊन औषध सावकाश सोडावें. तोंडाच्या पुढच्या भागांत ओतलेलें औषध कधीं कधीं पहिल्या पोटास वगळून थेट पुढें जातें व त्याचा अंमल लौकर ओसरतो.

४. शेळीस मेंढीची मात्रा पुरत नाहीं. शेळीचें शरीर ह्या औषधांचा निकाल मेंढीपेक्षां लौकर लावतें. मिश्र कळपांत दोघांस एकच माप देण्याची चाल म्हणूनच घातक आहे. तथापि शेळीची मात्रा पशुवैद्यास विचारूनच ठरवावी. लेव्हामिसोल वाजवीपेक्षां अधिक झाल्यास विषबाधा होते.

५. बाजारांतून किंवा फार्मावरून आणलेला एडका, बोकड अगर पाठ ही आपल्याबरोबर परकीं जंतें घेऊन येते. वर सांगितल्याप्रमाणें व्यवस्थित फार्मांवर चिवट जंत अधिक, आणि पैदाशीचे नर तर पुष्कळदां तेथूनच येतात. अशा जनावरास पशुवैद्याच्या सल्ल्यानें दोन निराळ्या वर्गांचीं औषधें एकाच वेळीं देऊन दोन दिवस गोठ्यांत बांधून ठेवावें, व तेथील लेंड्या रानांत पडूं देऊं नयेत.

६. औषध पाजल्यावर दूध व मांस किती दिवस विकूं नये, हें बाटलीवर छापलेलें असतें. तें पाळावें.

कुरण व जात

औषधावरचा भार हलका करणें हाच औषध टिकविण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग होय. अळी तयार होण्यास निदान चार दिवस लागतात; म्हणून जो कळप एका शेतांत एक दोन रात्री बसून पुढें जातो, त्यास स्वतःच्या लेंड्यांतील अळ्या फारशा भेटत नाहींत. दिवाळीनंतर घाट उतरून कोंकणांत जाणाऱ्या धनगरांची फिरती ही अडाणीपणाची चाल नसून, जंतांच्या दृष्टीनें पाहतां ती शहाणपणाची आहे. उलट कालव्याखालील लहानशा ओल्या कुरणांत वर्षभर तींच मेंढरें कोंडून चारणें हें जंतांची शेती करण्यासारखें आहे. अशा ठिकाणीं कुरणाचे तुकडे पाडून आळीपाळीनें चारावे, व एकदां चारलेला तुकडा पावसाळ्यांत निदान दोन महिने मेंढरांवांचून ठेवावा. मध्यंतरीं गाईबैल तेथें चरले तर उत्तमच, कारण मेंढीचा हा जंत गुरांच्या पोटांत नीट वाढत नाहीं. गवत जमिनीपर्यंत खुरटूं देऊं नये. अळ्या बहुतेक बुंध्यापासून चारपांच बोटांच्या उंचीवर असतात. शेळीस झाडपाला मिळाला तर ती सहसा खालीं तोंड घालीत नाहीं, व तिचें आपोआप रक्षण होतें.

जातीचाही उपयोग मोठा आहे. फलटण येथील निंबकर कृषि संशोधन संस्थेंत ऑस्ट्रेलियन शास्त्रज्ञांच्या सहकार्यानें दख्खनी, बन्नूर व बंगालच्या सुंदरबनांतील गरोळ ह्या जातींच्या मेंढ्यांची ह्या जंताविरुद्ध तुलना करण्यांत आली, व २००३ सालीं तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पाणथळ मुलखांत पिढ्यान्‌पिढ्या वाढलेली गरोळ मेंढी जंतांस अधिक तोंड देते, असें तींत दिसून आलें. राजस्थानांतील अविकानगर येथील केंद्रीय मेंढी व लोंकर संशोधन संस्थेनेंही लेंडींतील अंड्यांचें मान पाहून मेंढ्यांची निवड केली आहे. सामान्य मेंढपाळास एवढें तरी करतां येईल कीं, ज्या मेंढीस पावसाळ्यांत पुन्हां पुन्हां औषध द्यावें लागतें तिच्या कानास खूण करून तिचा एडका पैदाशीस ठेवूं नये. व ज्या एडक्याची पापणी औषधावांचून लाल राहिली तोच राखावा. आंधळेपणानें सर्वांस औषध पाजणाऱ्यास ही निवड करतांच येत नाहीं, कारण त्याच्या कळपांत बळकट व दुबळे सारखेच दिसतात.

समारोप

ऑस्ट्रेलियांत २०१४ पासून ह्या जंताविरुद्ध लसही मिळूं लागली आहे. परंतु ती दर सहा आठवड्यांस टोंचावी लागते. पुढें आणखी साधनें निघतील. तथापि तीं हातीं येईपर्यंत आहेत तीं औषधें टिकलीं पाहिजेत. विहिरीचें पाणी ज्याचें त्याचें असतें, पण त्याखालील झरा सगळ्या गांवाचा असतो. एकानें वाटेल तसें उपसलें कीं शेजाऱ्याची विहीर कोरडी पडते. जंतनाशक औषधाचा गुण हा असाच सामाईक झरा आहे. एका कळपांतील चिवट जंत गायरानावरून दुसऱ्याच्या कळपांत, व बाजारांतून दुसऱ्या तालुक्यांत जातात. म्हणून हें काम एकट्यादुकट्याचें नव्हे. गांवांतील पांचसहा मेंढपाळांनीं मिळून एक ताणकाटा व एक तक्ता घ्यावा, येत्या पावसाळ्यांत एकदां तरी लेंड्यांची दुहेरी तपासणी सामाईक खर्चानें करवून घ्यावी, आणि आपल्या भागांत कोणत्या वर्गाचें औषध अद्याप चालतें तें लिहून ठेवावें. ज्यांचें सारें धन चार पायांवर चालतें, त्यांनीं तें एका बाटलीच्या भरंवशावर सोडूं नये, हेंच आमचें सांगणें आहे.